भिकाजीकाकांचा क्यू

ऑडिशन पाठवायला गुरुप्रसादला फार काही नको होतं. एक शांत खोली, एक रिकामी भिंत आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारं कुणीतरी. पावस गावातल्या घरात यातलं एकही मिळण्यासारखं नव्हतं. वहिनीचा मिक्सर, दादाचा टीव्ही, त्यात मागच्या आगरात नारळ उतरवणाऱ्यांची आरडाओरड. म्हणून जेवण होताच त्याने स्कूटर काढली आणि भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरी गाठली. तो जिथं घडला ते नाट्यमंडळ केव्हाच बंद पडलं होतं, पण त्याची तालमीची खोली अजून शाबूत होती आणि किल्ली रमजानचाचांकडे असायची. मंडळाच्या प्रत्येक नाटकाचे दिवे या चाचांनी सांभाळले होते. आता खाली त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि वर ती खोली.

"कसली तालीम रे गुरू?" किल्ली शोधता शोधता चाचांनी विचारलं.

"तालीम नाही चाचा, ऑडिशन. आज दिवस मावळायच्या आत पाठवायची आहे. मोठी वेबसिरीज आहे, बापाचं काम."

"बापाचं?" चाचा हसले. "हिरो व्हायच्या आधीच बाप झालास होय रे?"

चाचा मनाचे चांगले, पण ते हसणं लागायचं तिथं लागलं. बाविसाव्या वर्षी राज्य स्पर्धेत त्याला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं, तेव्हा अख्ख्या गावाने पाठ थोपटली होती. पोरगा नाव काढणार. हे दिसायला आशीर्वाद, पण एकदा माणसाला चिकटलं की जळवेसारखं सुटत नाही. मुंबईत त्याने डॉक्टर होऊन "सॉरी, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही" एवढंच म्हटलं. हवालदार होऊन साहेबांच्या मागे सलाम ठोकले. एकदा खरोखरच मोठं काम हाती आलं, तर चॅनलला अचानक दुसरा चेहरा हवासा वाटला. शेवटी गाशा गुंडाळून घरी आला, तर तेच गाव आता विचारू लागलं, "मग, सध्या काय चाललंय?" असं विचारणाऱ्याला एक ठेवून द्यायची कायद्याने मुभा हवी, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"आणि समोरची वाक्यं कोण बोलणार?" चाचांनी किल्ली पुढे केली.

"तुम्ही या ना वर."

"हे गुडघे चढू देतील तर ना. आपले भिकाजी असते तर..." चाचांनी कानाच्या पाळीला बोट लावलं. "विंगेत बसून सगळ्या पोरांना क्यू द्यायचे, समोरच्याचं वाक्य टाकून. सगळ्यांची वाक्यं तोंडपाठ. त्यांचं पण लोक हेच म्हणायचे रे, नाव काढणार. त्यांनी काम केलेला एकच पिक्चर पुरा झाला, पण थेटरात कधी लागलाच नाय. मग आले ते त्या खोलीत बसले, ते बसलेच. गेले ते पण तिथंच."

गुरुप्रसादला हे सांगायला नको होतं. त्याच्या रौप्यपदकातली अर्धी चांदी भिकाजी शिवलकरांची होती. त्यांनी सपाट आवाजात एक वाक्य टाकावं आणि त्यावर आपलं वाक्य आपोआप पेटावं, असा तो माणूस. पण त्यांच्या अखेरच्या दिवसांत तो एकदाही भेटायला आला नव्हता. आरशात बघायला कुणाला आवडतं?

खोलीत कोंदट वास होता. गुंडाळलेल्या पडद्यांचा, ओल धरलेल्या प्लायवूडचा. कोपऱ्यात विंगेची एक जुनी चौकट कापड लोंबत उभी होती. खिडकीतून खाडीवरचं ऊन तिरकं येत होतं. त्याने स्टॅंडवर मोबाईल लावला आणि रिवाजाप्रमाणे सुरुवात केली. आधी नाव, वय, उंची. मग डावी बाजू, उजवी बाजू. हे केल्याशिवाय कुणी ऑडिशन बघतसुद्धा नाही.

प्रसंग साधा होता. बरीच वर्षं बेपत्ता असलेला बाप दारात येतो आणि मुलगी त्याला ओळखत नाही. मुलीच्या वाक्याच्या जागी तो मनातल्या मनात थांबायचा आणि मग भिंतीशी बोलायचा. बघितलं तर सगळं खोटं. पुन्हा केलं, आणखी खोटं. ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं आणि विटकरी झालं. त्याने ओळखीच्या दोघांना फोन लावले. एक दापोलीला गेलेला, दुसऱ्याने उचललाच नाही. इतक्या वर्षांनी एक दार किलकिलं झालं होतं आणि ते ढकलायला गावात एक माणूस मिळू नये! त्याने संहितेचे कागद जमिनीवर आपटले.

"भिकाजीकाका," तो त्या चौकटीकडे बघून वैतागून म्हणाला, "तुम्ही तरी द्या की क्यू."

त्याने मोबाईल परत स्टॅंडवर लावून चित्रण सुरू केलं. त्याने पुन्हा नाव सांगितलं, वय सांगितलं, दोन्ही बाजू दाखवल्या आणि भिंतीकडे वळला.

खोलीत लवंगेचा वास आला. गळ्यासाठी दाढेखाली धरतात तसा, ओलसर.

"कोण आपण... कोण हवंय?" चौकटीमागून कुणीतरी म्हणालं. मुलीचंच पहिलं वाक्य, सपाट, भाव नसलेल्या आवाजात.

दुसरा कुणी असता तर जिना गाठला असता. पण नटाची एक खोड असते. क्यू पडला की आधी वाक्य येतं, भीती मागाहून. गुरुप्रसादच्या तोंडून बापाचं वाक्य निघून गेलं होतं, आणि असं निघालं होतं की त्याचा त्यालाच काटा आला. पुढचा क्यू आला. तो बोलला. आणखी एक आला. पाय कापत होते, पण ते कापणंसुद्धा त्या बापाचंच होतं. प्रसंग संपला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते.

मग तो धीर करून चौकटीमागे गेला. तिथं एक बाकडं होतं, आणि त्याच्यावरची धूळ कुणी बोटानेसुद्धा हलवलेली नव्हती.

त्याने व्हिडिओ लावला. पडद्यावर तोच होता. ओठ त्याचेच हलत होते.

"नमस्कार. मी भिकाजी शिवलकर. क्यू देतायत गुरुप्रसाद भाटकर."

पुढचा अभिनय बावनकशी होता. असं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. आणि मुलीची वाक्यं बोलणारा आवाज, खोलीत ऐकलेला तो सपाट आवाज नव्हता. तो पातळ होता, थोडा केविलवाणा. तो गुरुप्रसादचा स्वतःचा होता.

त्याने पुन्हा चित्रण सुरू केलं. एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "मी, गुरुप्रसाद भाटकर."

"राहू दे रे..." चौकटीमागून हलकेच आलं. "नाव आपण काढू..."

व्हिडिओत पुन्हा तेच. मी भिकाजी शिवलकर.

बाहेर उजेड जेमतेम उरला होता. आता पळून जायचं, की हे पाठवायचं? पळालो तर उद्या पुन्हा कुणीतरी विचारणार, मग, सध्या काय चाललंय. त्याला एकाएकी भयंकर राग आला. गावाचा, चॅनलचा, त्या पदकाचा. काम तर माझंच आहे ना, तो मनाशी म्हणाला, आणि पहिला व्हिडिओ पाठवून दिला.

खोली तशीच उघडी टाकून तो जिना उतरून रस्त्यावर आला, तोच फोन वाजला. एक तरुण मुलगी घाईघाईने बोलत होती.

"भिकाजी सर ना? मी दिशा, कास्टिंगमधून. दिग्दर्शक इथंच बसलेत, त्यांनी आत्ताच बघितलं. सर, इतके दिवस कुठे होतात तुम्ही?"

हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने अर्धं आयुष्य घालवलं होतं. 

"अहो, माझं नाव गुरुप्रसाद..."

"गुरुप्रसाद म्हणजे ते क्यू देणारे?" ती जरा अवघडली. "त्यांचं काही नाहीये सर. राग मानू नका, पण त्यांचा आवाज जरा रडका वाटला. आम्हाला फक्त तुम्ही हवे आहात. तुम्ही भिकाजी सरच बोलताय ना?"

समोरून रिक्षा गेली. खाडीवरून खारा वारा आला. त्याने एकदा वर खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "मी भिकाजीच."

फोन ठेवला तेव्हा रमजानचाचा दुकान बंद करत होते. तो त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. चाचांची नजर त्याच्यावरून सरळ रस्त्याकडे गेली आणि परत फिरली. त्यांनी मान वर करून जिन्यात हाक मारली.

"गुरू! झालं काय रे तुझं? मी बंद करतोय."

"चाचा, मी इथं आहे," तो म्हणाला. चाचांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांच्या लेखी भिकाजी केव्हाच गेले होते.

वरच्या अंधारातून उत्तर आलं. पातळ, थोडं केविलवाणं, त्याच्याच आवाजात.

"तुम्ही जा चाचा... मला थांबायला हवं. क्यू द्यायला कुणीतरी लागतं ना."

"बरं बाबा," चाचा म्हणाले आणि त्यांनी शटर खाली ओढलं.