न गळणारं फूल

त्सुबाकी, म्हणजे लाल फुलांची जपानी कॅमेलिया, छाटायची ती फुलं सरल्या सरल्या. पावसाळ्यापर्यंत ढकललं, की पुढल्या हिवाळ्याच्या कळ्याच कात्रीखाली जातात. ओशिमा बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोमेनं तर लग्न होऊन आली त्याच वर्षी ज्वालामुखीच्या काळ्या राखेच्या मातीत आपलं झुडूप लावलं होतं. बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा, खारा वारा येऊन गेला की पानं गोड्या पाण्यानं धुवायची, केसाळ सुरवंट दिसले की हाताला फडकं गुंडाळून सगळी फांदीच उतरवायची. इतकं करून आता त्याच झुडपावरून वन्सं भांडायला आल्या होत्या.

“आधी ते तोड!” नवऱ्याची थोरली बहीण हात्सुए दारातूनच कडाडली. “आत माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि खिडकीसमोर ही फुलं! मान उडवल्यासारखी अख्खीच्या अख्खी पडतात. आजाऱ्याच्या खोलीत कोणी नेतं का ही?”

“मी कुठं नेलीत? ती आपली अंगणात आहेत.”

“तोंड बघा हिचं! डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? फुलं सरेपर्यंत शिन्झोनं दिवस काढले तरी खूप.”

“मग फुलं सरूच देत नाही मी,” तोमे म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शिन्झोनं जन्मभर त्सुबाकीच्या बिया घाण्यात घालून तेल काढलं होतं. आता छातीत पाणी झालं होतं, आणि त्याचा श्वास पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. तो आवाज जरा थांबला, की तोमे हातातलं टाकून त्याच्या दाराशी जायची.

लग्नाआधी ती समुद्रापलीकडे मोठ्या मुलखात, चहाविधी शिकवणाऱ्या एका गुरूंच्या घरी कामाला होती. पाहुण्यांसमोर मांडलेलं फूल ऐन वेळी गळू नये म्हणून बांबूची बारीक काडी देठातून फुलाच्या गाभ्यात खुपसायची, ही तिथली रीत. पण ती फुलदाणीतल्या फुलाला. जित्या झाडावर असलं कोणी करत नाही. तोमेनं केलं. खिडकीसमोरच्या फांदीवरचं सगळ्यात शेवटी उमललेलं फूल निवडलं आणि काडी आत सारली.

“आई गं!” आतून शिन्झो ओरडला.

ती धावत गेली. तो मान चोळत होता. “काहीतरी टोचलं.”

“पिसू असेल,” ती म्हणाली.

संध्याकाळी त्यानं मऊ भात मागून खाल्ला. दुसऱ्या दिवशी उठून बसला. डॉक्टर बोटीनं आले, नळी छातीला लावली, काढली, परत लावली, आणि चहा न घेताच निघाले. तोमेला आभाळ ठेंगणं झालं. कुंपणावरून ती ओरडली, “या वन्सं, बघायला या! तुमच्या भावानं आज ताटभर भजी हाणलीत!”

हात्सुए आली, भावाचा हात हातात घेतला, आणि लगेच सोडला. “किती गार आहे गं,” एवढंच म्हणाली.

झाडावरची बाकीची फुलं पडून गेली. ते एक राहिलं. आधी कडा तपकिरी झाल्या, मग सगळंच चामड्यासारखं झालं. मधमाश्या त्या फांदीवर बसेनाशा झाल्या. छाटणीचा हंगाम आला नि गेला, तोमेनं कात्री हातात धरली नाही.

शिन्झो समोर येईल ते खायचा, पण चव लागत नाही म्हणायचा. झोपेनासा झाला. मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंगच वळवून बघायचा. मोरीतल्या कढत पाण्याच्या पिंपात बसला, की थोड्याच वेळात ते पाणी विहिरीच्या पाण्याइतकं गार पडायचं. तोमे मुकाट्यानं परत लाकडं सारायची.

पाऊस लागला. एका दुपारी, ती त्याची पाठ चोळत असताना, तो म्हणाला, “तोमे, काडी काढ.”

तिनं काडीचं कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

“कसली काडी?”

“माझी.”

“नाही काढत!” हातातलं फडकं तिनं आपटलं. “जन्मभर तुमचंच ऐकलं. आता नाही ऐकायची. वन्संना घाबरले नाही, डॉक्टरांना घाबरले नाही, तर मरणाला घाबरू?”

“तू नाहीच घाबरत गं,” तो म्हणाला. “मी दमलोय.”

तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून संताप आला. “मग जा!” ती किंचाळली. “जा खुशाल!” आणि तशीच पावसात गेली.

काडी सहज निघाली. तोमेनं डोळे मिटले आणि फूल पडल्याचा तो धप्प आवाज यायची वाट पाहिली.

आवाज आला नाही.

तिनं डोळे उघडले. फूल होतं तिथंच होतं. तिनं फांदी गदागदा हलवली. पानांवरचं पाणी खाली आलं. मग तिनं फूलच मुठीत धरून ओढलं. फांदी वाकली, बुंधा करकरला.

फूल हललं नाही.

“काढलीस?” आतून शिन्झोनं विचारलं.

“काढली,” तोमे म्हणाली.

एरवी स्वयंपाकघरापर्यंत येणारा त्याचा श्वास आता खिडकीशीही ऐकू येत नव्हता.

“मग मी अजून बोलतोय कसा?”