गुलाबी गोळ्यांची तक्रार

औषधवाले काका आत आले आणि त्यांनी भाऊजींना हात जोडले. "वहिनी, तुमचं नाव ऐकून आलोय."

"वहिनी मी," टेबलामागून आवाज आला. "हे माझे दीर. यांना चांगल्या भरघोस मिशा आहेत."

खासगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सगळं शहर वहिनीच म्हणायचं. काका ओशाळले, पण हसले नाहीत. शहराच्या ऑनलाइन कट्ट्यावर त्यांच्या दुकानाविरुद्ध तक्रारींची झोड उठली होती. बाजूने कुणी लिहिलं, की नापसंतीच्या ढिगाखाली ते गाडलं जाई.

"एकजण लिहितो, मी पांढऱ्याऐवजी गुलाबी गोळ्या दिल्या. अहो, त्या दुकानाबाहेर गेल्याच नाहीत! पाकीट बंद व्हायच्या आधीच बदलल्या." काकांचा आवाज फाटला. "ते वाचून एका बाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. आज अर्धं अंग लुळं पडलंय त्यांचं. हे करणारा शोधा."

कट्टा चालवणारा गृहस्थ कातावला होता. "ही माणसंच नव्हेत, बॉट आहेत. यंत्राने चालणारी खोटी खाती, भाड्याने मिळतात. एक काढलं की दुसरं उगवतं. माझ्या कट्ट्याची अब्रू गेली."

"ती पसंती कशालाच देत नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"एकाच मताला देतात. 'काकांनी आता विश्रांती घ्यावी, दुकान मुलीने चालवावं.'"

समोरच्या नव्या दुकानाचा मालक सरळच बोलला. "गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं, नाकारत नाही. पण आता माझ्याही गोळ्या लोक उलटसुलट करून बघतात."

"चोराच्या मनात चांदणं," भाऊजी बाहेर येऊन पुटपुटले.

काकांची मुलगी पाकिटं बांधत होती. डोळे सुजलेले. "बाबा गोळ्या काढतात, मी तपासून बांधते. त्या बाईंना बघायला रोज जाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून वहिनींनी बापलेकीला समोर बसवलं.

"समोरच्याला हे दुकान बुडायला हवं. मग मुलीने ते चालवावं, हे मत तो वर का चढवेल? कट्टेवाल्याचं तर यात नुकसानच. आणि गुलाबी गोळ्या बाहेर गेल्याच नाहीत, तर ही चूक गिऱ्हाइकाला कळली कशी? ती माहीत असणारे दोघंच. काका, आणि पाकीट बांधणारी."

"दुकानासाठी बापाची बदनामी?" भाऊजी उसळले.

"दुकान तिचंच होणार होतं, भाऊजी. काका, तुम्ही मिशाळ माणसाला वहिनी म्हणालात. तुम्हाला नीट दिसत नाही."

मुलीने मान खाली घातली. "चुकलेल्या गोळ्या त्या काही पहिल्या नव्हत्या. डोळे दाखवा म्हटलं की बाबा अंगावर यायचे. वाटलं, लोकांचं तरी ऐकतील. लोक काही बोलेनात, म्हणून खोटे लोक आणले. त्या बाई... देवाशपथ, हे नको होतं मला."

"मी स्वतःला सांगत होतो, दुकानातले दिवे मंद झालेत." काका उठले. "चल. आधी त्या बाईंच्या घरच्यांना सांगू. मग कट्ट्यावर लिही. माझ्या डोळ्यांचंही लिही, काही झाकू नकोस."

"बाबा, पाप माझं आहे. मी एकटी जाते."

"दोघांचं आहे."

तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. दारात मात्र ते थबकले.

"पायरी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.