उपाशी डिस्क

ये, बस जरा टेकून. एक गोष्ट सांगतो. भुताची म्हणायची की प्रेमाची, ते तूच ठरव. मला अजून ठरवता आलेलं नाही.

समोरच्या जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथला पोरगा. बोलायचा इतका कमी की सगळे त्याला मुकाच म्हणायचे. एका दुपारी एक पोरगी त्याच्या दारात उभी राहिली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आली होती शेजारी झेरॉक्स काढायला, तर ते बंद. वळली, आणि काचेमागं उघड्या पडलेल्या डिस्का बघून थबकली. मग पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक डिस्क काढली. वायरीनं जोडतात ती, तळहाताएवढी.

"ही उघडत नाही हो. कॉम्प्युटर ओळखच दाखवत नाही."

"काय आहे हिच्यात?"

"आई..." मग सावरून म्हणाली, "तिचा आवाज. रोज दुपारी मला निरोप पाठवायची. फोन भरला म्हणून सगळे हिच्यात टाकले, फोनमधले पुसले. आणि मग आईच गेली."

मुक्यानं वायर बदलली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. डिस्कचा दिवा मिणमिणला, आतून टक... टक... टक... आणि गप्प.

"आई दार असंच वाजवायची," ती हळूच म्हणाली.

"ठेवून जा. बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळभर तेच. मेली ती मेलीच. पण दुपारी पोरगी जेवणाच्या सुट्टीत आली, स्टुलावर बसली... आणि दिवा सरळ लागला. डिस्क पडद्यावर दिसली. एका बाईचा घोगरा आवाज आला, "जेवलीस का गं?"

पोरीनं ओढणी तोंडात धरली.

मग रोजच सुरू झालं. ती रस्ता ओलांडताना दिसली की हा केस सारखे करायचा, स्टूल पुसायचा, चार्जिंगवरचा फोन काढून खणात टाकायचा. ती बसली की डिस्क जागी. निरोप एकेक करून निघायचे, गोगलगाईच्या चालीनं. सुट्टी संपली, ती उंबऱ्याबाहेर पडली, की थोड्याच वेळात टक... टक... बंद.

"माझ्याशिवाय उघडतच नाही ही," ती एकदा म्हणाली.

"तुमच्याशिवाय इथं... बरंच काही उघडत नाही," मुका म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"अगंबाई. मुक्याला वाचा फुटली."

हसली ती. पण दोघांचंही लक्ष त्या दिव्याकडं होतं. डोळा लावून कुणीतरी बघत असावं, तसा तो दिवा.

एके दिवशी सुट्टी संपवून ती परत गेली. यानं खणातला फोन काढला, वायर खुपसली... आणि टक... टक... टक. हा आपल्याच हाताकडं बघत राहिला. फोन काढला. दिवा लागला.

फोनची, डिस्कची, सगळ्या वायरी कॉम्प्युटरला लावलेल्या एकाच डबीत, राव. वीज सगळी फोन गिळायचा आणि डिस्क उपाशी राहायची. जगाची मशीनं दुरुस्त करणारा हा, आणि काखेत कळसा, गावाला वळसा.

आता आली का पंचाईत? फोन लांब ठेवला की सगळे निरोप दिवसभरात निघणार. मग ती कशाला येतेय? आणि गप्प बसावं, तर रोज असे धक्के खाऊन डिस्क कायमची जायची. तिची आई दुसऱ्यांदा मरायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगून टाकलं.

ती डबीकडं बघत राहिली. "पण मी आले की फोन का काढायचात?"

"तुम्ही बोलत असताना... मध्येच वाजायला नको म्हणून."

"म्हणजे भूत तुम्हीच."

"हो."

"आणि मी रोज जेवणाचा डबा न उघडताच इकडं पळत यायचे."

"आईसाठी."

"पहिले दोन दिवस," ती म्हणाली.

फोन सकाळपासून खणातच होता. शेवटचा निरोप निघाला. मुक्यानं कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, डिस्क रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली... तशीच राहिली.

आणि रुमालात टक... टक... टक.

वायर टेबलावरून नुसती लोंबत होती. रुमालातून घोगरा आवाज आला, "जेवली नाहीस ना आजपण? बस आता. त्यालाही वाढ."

पोरीचे हात थंडगार. पण बाई धीराची. मुकाट्यानं पर्समधून डबा काढला, अर्धा त्याच्यापुढं सरकवला. "जेव," म्हणाली. "जेव ना रे."

लग्नानंतर दोघांनी सगळे निरोप पहिल्यापासून ऐकले. रुमालातला हा निरोप त्यात नाही.

आता तू जाशील त्याच दुकानावरून. या वेळी बंद असतं, दोघं जेवायला घरी जातात, डिस्क तेवढी तिथंच असते. आतून टकटक ऐकू आली तर पळू नकोस बाबा. जरा थांब, आणि "हो, जेवलो," एवढं म्हण. म्हातारीच्या जिवाला घोर नको.