शंखातला ठिपका

“म्हणे ऐकू येत नाही! कामाचं सांगितलं की बहिरी, वॅफल झाले म्हटलं की धावत येते!”

आई बोर्गहिल्डचा हा टोमणा टोरुनने उजव्या कानाने ऐकला आणि मुकाट्याने तपकिरी चीज टेबलावर ठेवलं... चार वर्षं हेच चाललं होतं. डावा कान गेला, घेरी येऊ लागली, सूर चुकू लागला तशी चर्चच्या गायनवृंदातूनही तिला अलगद बाजूला केलं गेलं. बाबा समुद्रात बुडाल्यावर जिने शिक्षण सोडलं, मासळीच्या कारखान्यात हात गारठवून धाकट्या इंगविल्डला डॉक्टर केलं, तिलाच घर ढोंगी म्हणू लागलं! कारण तिच्या कानाचा एमआरआय बर्गनच्या इस्पितळात इंगविल्डनेच वाचला होता. घरचंच माणूस असताना रांगेत कशाला ताटकळायचं! ‘दोष नाही,’ असं तिने लिहिलं, आणि वर आईला सांगितलं, “मनाचे खेळ आहेत गं तिचे.” त्या एका वाक्याने टोरुनचं अंतःकरण विदीर्ण झालं होतं...

गेल्या महिन्यात ती चर्चच्या पायऱ्यांवरून कोसळली. या वेळी दुसऱ्या डॉक्टरने शिरेत औषध टोचून नवा एमआरआय काढला. त्याचा निकाल घेऊन इंगविल्ड आज आली होती, आणि कोट न काढताच बसली होती.

“आतल्या कानात शंखासारखी पोकळी असते, त्या शंखात गाठ आहे,” ती खाली बघत म्हणाली. “जिवाला धोका नाही. पण या कानाने आता ऐकू येणार नाही.”

“अगं, पण तूच तर म्हणाली होतीस...” आई पुटपुटली.

इंगविल्डने टॅबवर चार वर्षांपूर्वीचं चित्र उघडलं. पांढऱ्याशुभ्र शंखात तांदळाच्या कणीएवढा काळा ठिपका! “तेव्हाही होती, आई. अशा गाठी बहुतेक वेळा कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या नळीत असतात. नळी मोकळी दिसली, आणि मी शंखाकडे पाहिलंच नाही...”

“आणि माझं ढोंग? ते कुठल्या चित्रात दिसलं होतं?” टोरुनने विचारलं.

आईचा कप बशीवर वाजला.

टोरुन खिडकीकडे तोंड करून बसली. इंगविल्ड तिच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर कोसळली, खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देत काहीतरी बोलू लागली. टोरुनला मानेवर नुसता ऊन श्वास जाणवला. चार वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते आले तेही मेलेल्या कानाशी! तिने बहिणीला ढकललं नाही, जवळही घेतलं नाही. बऱ्याच वेळाने तिचा थंड हात इंगविल्डच्या केसांवर गेला.

“उजवीकडे ये,” ती म्हणाली. “आणि मोठ्याने म्हण. आईलाही ऐकू जाऊ दे.”