गेलेल्या माणसाची उत्तरं

दार उघडणाऱ्या बाईंच्या हातात फडकं होतं. पायरीवरच्या तरुण स्त्रीने विचारलं, "तपासाचं काम करणारे साहेब घरात आहेत का?"

"साहेब नाहीत. ते काम मीच करते," बाई म्हणाल्या. "सगळे मला मावशी म्हणतात, त्यामुळे ही गफलत रोजचीच. या आत."

आत वकील पेपर वाचत बसले होते. वकिली त्यांनी कधीच सोडली होती. आता ते मावशींच्या प्रत्येक तपासात सोबत जात आणि बहुधा भलत्याच माणसावर संशय घेत.

"माझा नवरा दोन महिन्यांपूर्वी वारला," ती स्त्री बसता बसता म्हणाली. "आणि तो अजून लोकांना उत्तरं देतोय."

वकिलांनी पेपर खाली ठेवला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. नवरा घरी बसून जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा तयार कोड, सांभाळायचा. वेबपानावर तारीख निवडायला जे छोटं कॅलेंडर उघडतं, ते दाखवणारा हा कोड. फुकट होता, म्हणून जगभर वापरला जायचा. कुठल्या ब्राउझरमध्ये कॅलेंडर बिघडलं की लोक इंटरनेटवरच्या चर्चेत विचारत, आणि तो उत्तर देई.

तिने फोन पुढे केला. नवऱ्याच्या नावाने ताजं उत्तर होतं: 'दाखवल्याबद्दल आभार. या जुन्या ब्राउझरमध्ये कॅलेंडर खाली घसरतं आणि पानाला हात लावला की जागेवर येतं. खऱ्या मशीनवर आत्ताच पाहिलं. ब्राउझर रुसलाय, समजूत काढतो.'

"यांचंच बोलणं वाटतं?" मावशींनी विचारलं.

"हुबेहूब. आधी तो फार फटकळ होता. 'नीट वाचा, मग विचारा' असं तोंडावर मारायचा. ब्राउझर चुकला की 'खोटारडा पुन्हा खोटं बोलला' म्हणायचा. शेवटच्या वर्षात मात्र असा निवळला."

"घरीसुद्धा?"

तिने मान हलवली. "घरी उलटंच. चिडचिड, दार लावून बसणं. माझ्याशी धड दोन शब्द बोलत नसे. म्हणून मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोनवर त्याची उत्तरं वाचायचे. तिथे तरी तो गोड बोलायचा."

मावशी बोटाने पान वर सरकवत राहिल्या. खऱ्या मशीनवर आत्ताच पाहिल्याची उत्तरं गेल्या वर्षभरात ठिकठिकाणी होती.

"गेले कसे?"

"दूध आणायला म्हणून निघाला. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आणि ट्रकखाली सापडला तो कालव्यापलीकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. खांद्याला ऑफिसची बॅग होती. ऑफिसात जाणं तर त्याने केव्हाच बंद केलं होतं." तिचा आवाज उतरला. "लोक विचारतात, तिकडे कोण राहतं?"

"तुम्ही काय सांगता?"

ती उठली. "तुम्ही आधी त्याची खोली बघा."

तिच्या घरी नवऱ्याची खोली तशीच होती. टेबलावर एक संगणक, आणि कपाटावर धूळ खात पडलेलं एक जुनं लॅपटॉपचं मशीन. त्याची बॅटरी फुगून पाठ उकलली होती.

"हे कधीपासून बंद आहे?" मावशींनी विचारलं.

"वर्षाहून जास्त झालं. टाकू देत नसे. नव्या मशीनवर जुन्या ब्राउझरची नक्कल चालते म्हणे, पण काही खोड्या नकलेत दिसतच नाहीत. त्याला खरं मशीनच लागतं. दुरुस्त करतो म्हणायचा, ते राहूनच गेलं."

"दुसरं मशीन होतं?"

"नाही."

"पासवर्ड कोणाला ठाऊक होता?"

"दिराला असेल. आणि एक मित्र होता. मित्र कसला, दगाबाज! लायब्ररी दोघांनी मिळून सुरू केली, आणि त्याने माझ्या नवऱ्याचंच काम चोरलं. नवऱ्याने भर चर्चेत तसं लिहून त्याला काढून टाकलं. अंत्यविधीलासुद्धा फिरकला नाही मेला."

दीर बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. प्रश्न ऐकताच तो वरमला.

"पासवर्ड दादाने मला दिला होता. 'मी विसरलो तर तुझ्याकडे असू दे,' म्हणाला. गेल्याच वर्षी. त्या एकाच फोनमध्ये तेच तेच इतक्यांदा सांगितलं की मी चेष्टाच केली. म्हटलं, दादा, पाठ झालं रे बाबा!"

"मग उत्तरं तुम्ही देता?" वकिलांनी झडप घातली.

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "नाही कळत असं म्हणायला काय जातं? पासवर्ड त्याच्याचकडे आहे."

"किल्ली असली म्हणून गाडी चालवता येते का?" मावशी म्हणाल्या. "चला, दगाबाजाकडे."

मित्र एकटाच राहत होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. टेबलावर चालू होतं ते मशीन कपाटावरच्या मशीनचं जुळं भावंड वाटत होतं.

"अजून चालतं?" मावशींनी कौतुकाने विचारलं.

"सकाळी रुसून बसतं. टपली मारली की उठतं. पहिल्या ऑफिससाठी दोन घेतली होती, एक त्याला, एक मला. कालव्यापलीकडे टायरच्या दुकानावर खोली होती आमची. आता ती इमारतही नाही."

"भांडण कशावरून झालं?"

"गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं? जाऊ द्या."

"त्याने तुम्हाला चोर म्हटलं. राग नाही आला?"

"त्याच्यावर कसला राग?" तो म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी सगळ्यांना त्या तरुण स्त्रीच्या घरी बोलावलं. मित्राला दारात पाहून ती उठून उभी राहिली.

"हा माझ्या घरात कशाला?"

"थोडं ऐकून घ्या, मग हवं तर हाकला," मावशी म्हणाल्या. "नवरा गेल्यावर त्याच्या नावाने कोण लिहितं, असं तुम्ही विचारलंत. खरं म्हणजे विचारायला हवं होतं की तो जिवंत होता तेव्हापासून कोण लिहितं."

"म्हणजे?"

"तुमच्याकडचं मशीन वर्षाहून जास्त बंद. दुसरं घरात नव्हतं. पण गेलं वर्षभर उत्तरं सांगतात, खऱ्या मशीनवर आत्ताच पाहिलं. नकलेत न दिसणारी खोडी हा माणूस बघत होता कुठे? ती उत्तरं या खोलीतून गेलेलीच नाहीत."

वकील पुटपुटले, "अरेच्चा!"

"आणि माणूस निवळला, तो फक्त चर्चेत. घरी त्याची चिडचिड वाढत होती. एकाच वेळी दोन्हीकडे दोन स्वभाव? 'खोटारडा' म्हणणारा एक, 'रुसलाय' म्हणणारा दुसरा. काल मी जुन्या मशीनबद्दल विचारलं तेव्हा हे काय म्हणाले? सकाळी रुसून बसतं."

मित्राने मान खाली घातली.

"पण त्याने स्वतःच्या जागी दुसऱ्याला का लिहू द्यावं?" तिने विचारलं.

मावशींचा आवाज मऊ झाला. "भावाला पासवर्ड देताना तो म्हणाला, मी विसरलो तर. तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. दूध आणायला निघाला आणि खांद्याला ऑफिसची बॅग लावून गेला कालव्यापलीकडे, जिथे यांचं पहिलं ऑफिस होतं. तिकडे कोणी राहत नाही, बाळा. तो कामावर निघाला होता. ते ऑफिस उरलेलं नाही, हे त्याला आठवत नव्हतं."

दीर भिंतीला टेकला. मित्र पुढे आला.

"भांडण खरं होतं, वहिनी. कोडमध्ये स्वतःच केलेले बदल त्याला ओळखू येईनात. त्याला खरंच वाटलं, मी काहीतरी चोरून घुसवलंय. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, जेवायला येतोस का? भांडण त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाईल, म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्याने शपथ घातली. म्हणाला, दिवसभर ती लोकांकडून अक्षरं वाचून घेते, घरी आली की मलाही तक्त्यासमोर बसवेल. चर्चेत तरी मी शाबूत दिसू दे." त्याने कपाटावरच्या मशीनकडे पाहिलं. "पासवर्ड त्यानेच दिला. सुरुवातीला तो फोनवर सांगायचा, मी लिहायचो. पुढे नुसताच फोन धरून बसायचा."

"आणि तो गेल्यावर?"

"थांबणार होतो. पण कोणीतरी त्याचं नाव घेऊन प्रश्न विचारला. वाटलं, एवढं एक देऊ. मग आणखी एक. मी थांबलो असतो तर तो संपला असता."

ती म्हणाली, "मी ओरडायचे त्याच्यावर. सारखं काय विसरतोस, लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून. दिवसभर लोकांची नजर तपासते, आणि घरातलं एवढं मला दिसलं नाही."

"त्याने दिसू दिलं नाही, वहिनी. दार त्यासाठीच लावायचा."

"अंत्यविधीला का नाही आलात?"

"आलो होतो. फाटकाबाहेर उभा होतो. मला पाहून तुम्हाला आणखी त्रास झाला असता."

तिने डोळे पुसले नाहीत. टेबलाजवळची खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

"बसा. चर्चेत काय लिहायचं ते नंतर लिहू, तुमच्या नावाने. आधी मला ते वर्ष सांगा. सगळं सांगा. आम्ही एका घरात होतो, पण त्याचं शेवटचं वर्ष माझ्याकडे नाहीच."

मावशींनी वकिलांच्या बाहीला हलकेच ओढलं. दोघं उठले.

मित्र खुर्चीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "डॉक्टरांकडे जाताना तो खिडकीशी बसला होता. सारखा विचारत होता, तिची सुटी कधी आहे रे? तिला समुद्र दाखवायचा राहिलाय."