साखळीतला हात

हे घडलंय. माझ्यासोबत घडलंय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सन १७९८. जानेवारीतली बर्फाची संध्याकाळ. अमेरिकेतलं, कनेक्टिकट नदीकाठचं आमचं छोटं कॉलेज. मी, एसाहेल थ्रॉल, तिथे विज्ञान शिकवायचो.

माझा धाकटा भाऊ लेम्युएल तिथेच शिकत होता. माझ्याच खोलीत राहायचा. आदल्याच डिसेंबरात एका सकाळी बाहेर पडला तो परत आलाच नाही. नदीवरच्या बर्फाला एक भगदाड दिसलं. लेम मात्र सापडला नाही.

गावाकडे आई ठाम होती. "बुडतोय कसला! जहाजावर पळालाय कार्टा. येईल."

मीही तेच धरून बसलो होतो. पण त्याची खाट रिकामी... संध्याकाळ अगदी खायला उठायची.

त्या बर्फाच्या संध्याकाळी वर्गाला चारच पोरं आली. वर्ग वस्तुसंग्रहाच्या खोलीत भरायचा. भिंतीवर देणगीदारांची चित्रं, पेंढा भरलेले पेलिकनसारखे पक्षी, पितळी ग्रहमाला आणि विजेचं यंत्र.

"सर, हातात हात धरून साखळी करायला माणसं कमी पडतायत," ऑरिन पेक म्हणाला. "त्या पेलिकनला घ्या ना! झटक्याने उडेल तरी बिचारा."

पोरं खिदळली. किती दिवसांनी मीही हसलो.

यंत्राचं काचेचं चाक फिरवून मी वीज साठवायची काचेची बरणी भरली. बरणी माझ्या डाव्या हातात. उजव्या हाताने मी ऑरिनला धरलं, त्याने पुढच्याला. टोकाच्या सायलसने बरणीच्या पितळी गोळ्याला बोट लावलं. झटका सगळ्यांना एकदम बसला. नुसता आरडाओरडा!

"आता बघा," बरणी पुन्हा भरून मी म्हणालो. "साखळी एका जागी तुटली की वीज जात नाही."

मी ऑरिनचा हात सोडला. बाजूला सरकलो.

"सायलस, लाव बोट."

बाहेरचा वारा एकदम थांबला...

कुठेतरी पाणी ठिबकलं. टप्...

आणि माझ्या मोकळ्या हातात... कुणीतरी हात घातला.

गार. ओला.

सट्! सगळेच उडाले. मीसुद्धा.

"काय हो सर!" ऑरिन ओरडला. "हात सोडलाच नाही की तुम्ही! वर पाण्यात बुडवून आणलाय. ही बघा माझी बाही!"

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चांगला दोन हात लांब उभा होतो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

माझ्या हातातला तो हात अजून सुटला नव्हता.

त्याने माझा हात दाबला. हळूच. दोनदा.

लहानपणी अंधारात घाबरला की लेम असाच दाबायचा. 'दादा, आहेस ना?' म्हणून.

"आहे रे बाळा," मी मोठ्याने म्हणालो. पोरांदेखत.

हात रिकामा झाला...

मला रडू आवरेना. पोरं टोप्या उचलून गुपचूप निघून गेली.

बर्फ वितळल्यावर घरी गेलो. आई दारातच उभी.

"एसा, लेमचा काही पत्ता?"

तोंडाशी आलं होतं. पण तिचे डोळे बघितले...

"जहाजं कधी कधी दोन-दोन वर्षं परतत नाहीत, आई."

"मग! मी काय म्हणत होते?" ती खुलली. लोकरीचे मोजे माझ्या हातात ठेवत म्हणाली, "बंदरावर कुणाकडे तरी दे. समुद्रावर गारठा फार असतो रे."

ते मोजे अजून माझ्याकडेच आहेत. कुठे पाठवू, तुम्हीच सांगा.