नावाची जागा

वीज यायला अजून तासभर तरी लागेल, तेव्हा शेगडीजवळ सरका. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं तर मी गप्प बसेन. तुम्ही पोरं रडायच्या प्रवेशाला ग्लिसरीन मागता, म्हणून सांगतोय. ही गोष्ट आपल्या थिएटरातल्या नटी बुरुलबाईंच्या मुलाची, कुबातची. त्यानं स्वतः मला सांगितली. रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

गेल्या वर्षीची सतरा जानेवारी, शुक्रवार, रात्रीचे पावणेअकरा. बाई आदल्या दिवशी पहाटे गेल्या. अंगणात लोकरी नमद्याचं युर्त उभारलं, त्या तंबूत पडद्यामागे त्यांना निजवलं. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बायकांनी आत भिंतीकडे तोंड करून बसायचं, गेलेल्याचं नाव घेऊन हेल काढायचा, आणि मुलानं दाराबाहेर काठीवर वाकून मोठ्यानं रडायचं. कुबात रशियातून धावत आला, काठी घेऊन उभाही राहिला. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. आत चौदा बायका बसल्या होत्या, आणि एकीलाही हेल काढता येईना. हल्ली येतो कुणाला?

शेवटी मावशीनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"तुला रडू येत नाही, आम्हाला हेल येत नाही. उद्या गाव तोंडात शेण घालेल. जा, नाट्यगृहातून तिची कॅसेट घेऊन ये. तीच लावू."

"आपाच्या मयताला आपाचंच रडणं लावायचं?" कुबात म्हणाला. आईला तो आपा म्हणायचा.

"मग तू रड की!"

तो निघाला. नाट्यगृहाची किल्ली माझ्याकडे असते, ती मागायला आला. गुडघ्यापायी मला जिना चढवत नाही, म्हणून एकट्यालाच पाठवला. माझंच चुकलं.

त्या कॅसेटमध्ये काय आहे, ते ऐका. दोन भावांच्या भांडणाचं ते नाटक. थोरल्याच्या हातून धाकटा मरतो आणि आई हेल काढते. संहितेत पोराचं नाव वेगळं होतं. एका प्रयोगाला बाईंना काही केल्या रडू फुटेना, आणि त्यांनी एकदम स्वतःच्या लेकाचं नाव घेतलं. "कुबात!" अरे, सगळं थिएटर ढसाढसा रडलं. पुढच्या रांगेतल्या मोठ्या साहेबानं टोपीत तोंड खुपसलं. मी शब्द पुरवणारा, सूचकाच्या खोक्यात बसून संहिता भिजवली. तसं काम मी पुन्हा बघितलं नाही. पण जित्याजागत्या माणसाचं नाव घालून हेल काढू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनी ते नाव बावीस वर्षं घेतलं. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

शाळेत पोरं त्याला म्हणायची, "ए मेलेल्या! काल तुझ्या आईला रडताना तिकीट काढून बघून आलो." घरी बाई कधी रडल्या नाहीत. तो रशियाला निघाला तेव्हा बसपाशी म्हणाल्या, "रात्री प्रयोग आहे रे. आत्ता रडले तर डोळे सुजतील." हे त्याच्या मनात बारा वर्षं सलत होतं. रंगमंचावरचे ते अश्रू आपल्यासाठी होते की नाटकासाठी, एवढंच त्याला हवं होतं. विचारायला आई उरली नव्हती.

थिएटरात वीज नव्हती. मोबाइलच्या उजेडात तो वर गेला, कॅसेट खिशात टाकली. उतरताना विंगेतून आला.

आणि हेल ऐकू आला.

आधी त्याला वाटलं, टेप चालू राहिला. पण वीज नव्हती. आणि कॅसेट त्याच्या खिशात होती...

रंगमंचावर कुणीतरी बसलं होतं. डोक्याला पांढरं गुंडाळलेलं. प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

बाई प्रयोगात कधीच तशा बसल्या नाहीत. चेहरा दिसायला हवा म्हणून त्या लोकांकडे बघून रडायच्या. पाठ करून बसतात ते खऱ्या मयताला.

"माझं पांढरं कोकरू... कुणी नेलं डोंगरावर..."

आवाज तोच. मग नावाची जागा आली.

आवाज थांबला.

कुबात उभा. थिएटर गार.

उजवा हात हळूच बाजूला सरकला. उताणा. शब्द विसरलेला नट सूचकाकडे मागतो, तसा. तीस वर्षं मी त्या खोक्यात बसलो, बाईंनी एकदाही हात पुढे केला नव्हता.

नाव त्याच्या जिभेवर होतं. स्वतःचंच.

हात तसाच...

त्यानं दात आवळले. मनात म्हणाला, माझं नाव आता तुला देणार नाही. आणि पाठ फिरवून तो फळ्यांवर बूट वाजवत चालू लागला. मागून काहीच आलं नाही. ना हाक, ना हुंदका.

सकाळी युर्तमध्ये कॅसेट लागली. आम्ही बाहेर उभे. कोकरू आलं, डोंगर आला, नावाची जागा आली... आणि आवाज थांबला. टेप फिरत होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अख्ख्या गावाला पाठ असलेलं नाव, आणि तिथं काहीच नाही. मग हेल पुढे सुरू झाला, पुन्हा त्याच जागी थांबला. अशा सात जागा. सातही रिकाम्या.

चौथ्या जागेला कुबातच्या हातातली काठी पडली. नमद्याला तोंड लावून तो ओरडला, "कुबात! आपा, कुबात म्हण! घे ना माझं नाव!" लोकांना वाटलं, पोरगं अखेर रडलं. रीत पूर्ण झाली म्हणून मावशीनं निःश्वास सोडला. आतला आवाज त्याच्यासाठी थांबला नाही. तो आपल्या चालीनं पुढे गेला.

बाईंना माती दिली. संध्याकाळी कुबात माझ्याकडे आला, जे घडलं ते बोलला, आणि म्हणाला, "साबिर आके, कॅसेट माझ्या खिशात पुसली गेली असेल. हो ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याच कॅसेटची आणखी एक प्रत माझ्या घरी पेटीत होती, कुलपात. तो गेल्यावर मी ती लावली. कोकरू आलं. डोंगर आला...

तिथंही नाव नव्हतं. पण अगदीच शांतता नव्हती रे पोरांनो. कान लावून ऐकलं, तर पावलं वाजत होती. बुटांची. लाकडी फळ्यांवरून दूर दूर जाणारी.